चांदरच्या वाड्यातल्या सुना आणि लेकी

कुशावतीकाठ · सोमवार, रात्री ९:४०

यंदा इंत्रुजाच्या (गोव्याच्या कार्निव्हलच्या) सोमवारी चांदरला मुसळखेळ बघायला गेले होते. कोट भागात घुमट या मातीच्या वाद्याच्या तालावर पुरुष मुसळं जमिनीवर आपटत नाचतात. घरं ख्रिस्ती आणि खेळ कुठल्या तरी जुन्या राजाच्या विजयाचा. रात्र मैत्रिणीकडे काढली आणि सकाळी उन्हं चढायच्या आत नंदीपाशी गेले. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, चांदर म्हणजे जुनं चंद्रपूर, गोव्याच्या कदंबांची राजधानी. फादर हेरास यांनी १९२९ मध्ये तिथे खोदकाम केलं होतं. विटांचं जोतं, गवत, आणि डोकं नसलेला नंदी.

तिथे बसल्या बसल्या मनात आलं, तीनशे वर्षांहून जास्त राज्य केलेल्या या घराण्याबद्दल मला माहीत तरी काय आहे? षष्ठदेवाचं आरमार, जयकेशीची दानं, 'श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद' असं कोरलेली सिंहाची सोन्याची नाणी. संपलं. पण त्यांच्या घरात पहिली चूल कोण पेटवायचं, राजा जेवायला कशावर बसायचा, बाळंतिणीची खोली कुठल्या बाजूला होती, परप्रांतातून नवी सून आली की तिच्याशी कोणत्या भाषेत बोलायचे, यातलं शाळेत कुणी शिकवलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

गेले काही महिने जमेल तसं वाचतेय. पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी की राजांच्या लेखांतही घरातलं थोडं सापडतं, आणि ते बहुतेक सोयरिकीच्या निमित्ताने. धारवाडजवळच्या नरेंद्र गावी ११२५ सालचा शिलालेख आहे. त्यात षष्ठदेवाची गोष्ट येते. तो समुद्रावर गलबतं घेऊन फिरतोय हे ठाण्याच्या मम्मुणी राजाच्या कानावर गेलं. (हा शिलाहार मम्मुणी, ज्याच्या काळात १०६० साली अंबरनाथचं देऊळ उभं राहिलं.) पाहुणा येतोय म्हटल्यावर मम्मुणी स्वतः सामोरा गेला, त्याला आपल्या वाड्यात घेऊन आला, मोठ्या थाटाने मुलगी दिली आणि जावयाला पाच लाख सुवर्ण दिलं. शिलालेखात एवढ्या जिव्हाळ्याने सासऱ्याचं वागणं लिहिलेलं वाचून मी थांबलेच. लढाईच्या वर्णनात असतो तसला आवेश इथे नाही. दारात सामोरं जाणं, आत घेऊन येणं, आनंद लपवता न येणं, हे सगळं आपल्याकडच्या लग्नघरातलं वाटतं.

दुसरी सोयरीक त्याच्या पणतवाच्या पिढीच्या आसपासची. जयकेशी दुसरा याला कल्याणीच्या (कर्नाटकातल्या आजच्या बसवकल्याणच्या) चालुक्य सम्राटाने, सहाव्या विक्रमादित्याने, आपली मुलगी मैळलदेवी दिली. आणि इथे मला खजिना सापडला. मैळलदेवीचा भाऊ म्हणजे सोमेश्वर तिसरा, ज्याने शके १०५१ मध्ये, म्हणजे ११२९ साली, 'मानसोल्लास' लिहिला. शंभर अध्यायांच्या त्या ग्रंथात वीस अध्याय फक्त राजाच्या उपभोगांचे आहेत. घर, स्नान, पादुका, विडा, उटी, वस्त्रं, फुलं, दागिने, बसायचं आसन, मुलंबाळं, अन्न, पाणी, पाय चोळून घेणं, वाहन, छत्री, बिछाना, धूप. म्हणजे राजा उठल्यापासून निजेपर्यंत.

जेवणाचं सांगते. राजाने गादीच्या आसनावर बसावं, नाभीपासून गुडघ्यापर्यंत पांढरं स्वच्छ वस्त्र पसरावं, समोर सोन्याचं मोठं ताट आणि वाट्या, पंगतीला मुलगे आणि आप्त. मांडीवर कापड घेऊन जेवणारा राजा मी पहिल्यांदाच पाहिला!

माझं म्हणणं असं. मैळलदेवी चांदरच्या वाड्यात आली तेव्हा हे सगळं तिच्याबरोबर आलं असणार. सम्राटाची मुलगी एकटी येत नाही. दासी येतात, स्वयंपाकी येतात, विड्याचं सामान येतं, बोलण्याची पद्धत येते. कदंबांच्या वाड्यातलं रोजचं जगणं समजून घ्यायचं तर राजांच्या यादीपेक्षा सुनांची यादी हाती धरावी.

कुणाला याबद्दल आणखी माहिती असेल तर कृपया लिहा.


शिलालेखवेडा · सोमवार, रात्री ११:०५

ताई, विषय फार आवडला. एक दुरुस्ती मात्र करायलाच हवी. मैळलदेवी चांदरला आली नसावी. अकराव्या शतकाच्या मध्याला जयकेशी पहिला याने राजधानी चंद्रपुराहून गोपकपट्टणला हलवली, म्हणजे आजचं थोरलें गोंय, आगशी-पिलारचा परिसर. मैळलदेवीचं लग्न त्यानंतरचं. तिचा वाडा शोधायचा तर कुशावतीच्या काठी न शोधता झुआरीच्या काठी शोधायला हवा.

तिथे आजही राजवीथीचे अवशेष आहेत. दगड बसवलेला रस्ता. भरती-ओहोटीच्या पाण्यालगत उभं राहून बघितलं की कळतं, हे खाडीच्या तोंडाशी वसलेलं शहर होतं. पिलारच्या टेकडीवरच्या संग्रहालयात त्या काळातले अवशेष जपून ठेवलेत. तिथे जरूर जा.

गोपकपट्टणच्या रस्त्यांचं वर्णन कदंबांच्या लेखात आहे. पंडितांच्या पालख्यांनी रस्ते भरून गेलेले, पालखीच्या दांड्यांना रत्नं जडवलेली, आत बसलेल्यांच्या कानातली सोन्याची कुंडलं हलताहेत. प्रशस्तीत अतिशयोक्ती असतेच, पण कुंडलं हलण्याचं निरीक्षण ज्याने रस्त्यावर उभं राहून पालख्या जाताना पाहिल्या त्याचंच आहे.

आणखी एक. मैळलदेवीला 'राणीवशातली सून' एवढंच समजू नका. लेखांत ती पतीबरोबर पलसिगे प्रदेशाचा कारभार पाहताना दिसते. पलसिगे म्हणजे खानापूरजवळचं हलशी. तिचा दिवस विडा आणि उटी यांत सरत नव्हता. सकाळी तिच्यासमोर गावचे पाटील, देवळांचे स्थानिक (व्यवस्थापक), दानाच्या जमिनींचे वाद येत असणार.


अंत्रुजकर · मंगळवार, सकाळी ७:१५

मी कुळागरातला माणूस, शिलालेख वाचता येत नाहीत. स्वयंपाकाचं मात्र बोलू शकतो.

त्या काळची गोंयची रांदची कूड, म्हणजे स्वयंपाकघर, डोळ्यांपुढे आणायची असेल तर आधी आपल्या फळीवरच्या अर्ध्या बरण्या उचलून बाहेर ठेवा. मिरची नाही. बटाटा नाही, टोमॅटो नाही. काजू नाही, म्हणजे फेणीही नाही. पपई, पेरू, अननस नाही. हे सगळं १५१० नंतर पोर्तुगीज जहाजांबरोबर आलं. लालभडक हुमण (माशाची आमटी) कदंबांच्या राजाने कधी पाहिलं नाही.

मग राहिलं काय? नारळ, मिरी, पिंपळी, आलं, हळद, तिरफळ, चिंच, आमसोल, तीळ. आणि तांदूळ. मानसोल्लासात तांदळाच्या जातीच आठ दिल्यात. रक्तशाली, महाशाली, गंधशाली वगैरे. रक्तशाली म्हटलं की मला आमच्या खाजनातला (खाडीकाठच्या शेतातला) कोरगुट तांदूळ आठवतो, लालसर, खाऱ्या पाण्यातही तग धरणारा. तोच हा, असा माझा दावा नाही. पण लाल तांदळाला राजाच्या ताटात मान होता हे वाचून बरं वाटलं, कारण माझ्या लहानपणी पाहुणे आले की आई उकडा तांदूळ लपवायची आणि सुरय काढायची.

मासळीचं तर बघाच. त्या ग्रंथात मासे तेल-मीठ चोळून, हळदीच्या पाण्यात धुऊन वास घालवायला सांगितलंय, मग चिंचेच्या कोळात शिजवायला. आज सकाळी माझ्या घरी बांगड्याला हेच चाललं होतं. नऊशे वर्षं झाली, हळदमीठ आहे तसंच आहे.

शिवाय इडरिका नावाचा पदार्थ आहे, तो आजच्या इडलीचा पूर्वज मानतात, पण त्यात तांदूळ नाही, निव्वळ उडीद. धोसक आहे, तोही डाळींचा. वडे दुधात आणि दह्यात मुरवायचे. मांडे आहेत, संस्कृतात मण्डक. बेळगावचे मांडे ज्यांनी उपड्या खापरावर टाकताना पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. बेळगाव-खानापूर कदंबांच्याच ताब्यातला मुलूख. शिखरिणी आहे, म्हणजे आपलं श्रीखंड. आणि हो, कासव आणि शेतातले उंदीर भाजायच्या कृतीही आहेत. राजाचं ताट आपल्या कल्पनेइतकं सोवळं नव्हतं.

विड्याबद्दल मला विशेष लिहायचंय. सुपारी, पान, चुना, कापूर, कस्तुरी, सगळ्याची निवड त्यात दिली आहे. सुपारी आणि पानवेल एकाच बागेत, एकमेकांच्या आधाराने वाढतात, आणि त्या बागेलाच आम्ही कुळागर म्हणतो. वरच्या मळ्यातला झरा पाटाने खाली आणायचा, पोफळींच्या ओळींतून फिरवायचा. मिरी त्याच पोफळीवर चढते. कल्याणी कोरड्या मुलखात आहे. मैळलदेवी माहेरी जो विडा खायची त्यातली सुपारी आमच्याच घाटाखालून जात असेल, आणि लग्न होऊन आली तेव्हा तिने ती पहिल्यांदा झाडावर पाहिली असेल, असं माझ्या मनात येतं.


पागोळी · मंगळवार, सकाळी १०:३०

अंत्रुजकर बाब, प्रतिसाद वाचून भूक लागली. पण मला एक शंका आहे आणि ती मी स्पष्टच लिहिते. मानसोल्लास सम्राटाने सम्राटासाठी लिहिलेला आदर्श आहे. राजाने असं करावं, तसं करावं. प्रत्यक्ष कल्याणीच्या वाड्यातसुद्धा रोज हे सगळं होत होतं का? आणि मांडलिकाच्या घरी, तेही कोकणात, पावसाळ्यात चार महिने सगळं ओलं असताना? त्या ग्रंथात वस्त्रांची गावं दिली आहेत. पैठण, नागपट्टण, अणहिलवाड, मुलतान, सिंहल, महाचीन. आषाढात आगशीच्या खाडीवर रेशमी वस्त्र किती दिवस टिकतं? आमच्या कपाटातल्या पैठणीला दर श्रावणात बुरशी येते.

ग्रंथावरून घर उभं करताना घर ज्या जमिनीवर आहे ती विसरू नये, एवढंच.


कुशावतीकाठ · मंगळवार, दुपारी २:२०

शिलालेखवेडा, मनापासून आभार. चूक माझीच. नंदीपाशी बसून विचार करत होते म्हणून सगळं तिथेच उभं केलं. शीर्षक तसंच ठेवते, कारण लेकींची गोष्ट अजून यायची आहे.

पागोळी, तुझी शंका रास्त आहे. म्हणूनच मी त्या ग्रंथातल्या सोन्याच्या ताटापेक्षा छोट्या गोष्टींवर जास्त विश्वास ठेवते. सोन्याचं ताट आदर्श असेल, मांडीवरचं कापड मात्र कुणी तरी रोज पाहिलेलं आहे. मासळीचा वास घालवायची कृती आदर्शातून येत नाही, स्वयंपाकघरातून येते.

आणि ग्रंथातली एक गोष्ट तर वाड्याच्या मागल्या दारची आहे. गाण्यांच्या भागात सोमेश्वर सांगतो की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. लग्नात धवळे, होळीला चर्चरी. राजाला हे कुठून कळलं? सभेत कुणी बाई मुसळ घेऊन येत नाही. वाड्यातच, कोठाराच्या अंगणात, भात सडणाऱ्या बायकांचा आवाज त्याने ऐकला असणार. ओवी या शब्दाच्या जुन्या नोंदींपैकी ही एक, आणि ती राजाने केली, कांडणावरून. हे वाचलं तेव्हा मला चांदरचा मुसळखेळ आठवला. एकात बायका, दुसऱ्यात पुरुष, दोन्हींचा संबंध मी जोडत नाही. पण ज्या मुसळाने कुटुंबाचं भात सडायचं तेच हातात घेऊन राजाचा विजय साजरा करावा असं त्या गावाला वाटलं, हे मला फार जवळचं वाटतं.


साबरमतीचा_गोंयकार · मंगळवार, रात्री १०:५०

लेकींची गोष्ट मी सांगतो. नोकरीच्या निमित्ताने अहमदाबादला आलो त्याला आता चौदा वर्षं झाली. इथे आल्यावर दुसऱ्याच वर्षी सहकाऱ्याबरोबर धोळक्याला गेलो होतो. तिथे मलाव तलाव म्हणून जुना दगडी तलाव आहे. तो म्हणाला, मीनळदेवीने बांधला, गुजरातच्या सिद्धराज राजाच्या आईने. मी मान डोलावली. ती आमची आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मीनळदेवी म्हणजे मयणल्लादेवी. जयकेशी पहिला याची मुलगी. पाटणच्या सोळंकी कर्णाला दिली. गुजरातेत तिचं नाव अजून शाळकरी पोरांच्या तोंडी आहे, आणि गोव्यात विचारलं तर दहातल्या एकाला सांगता येणार नाही.

मेरुतुंग या जैन लेखकाने चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रबंधचिंतामणीत तिच्याबद्दल लिहून ठेवलंय. अडीचशे वर्षांनंतरचं आणि दंतकथांचं लेखन आहे हे मान्य, पण दंतकथेत घरातलं जे येतं ते शिलालेखात येत नाही. ती दिसायला साधारण होती म्हणून कर्णाने लग्नाला नकार दिला. तिने सख्यांसह अग्निप्रवेशाची तयारी केली. तेव्हा कर्णाची आई उदयमती पुढे आली. या परक्या मुलीचं दुःख मला बघवत नाही, मीही तिच्याबरोबर जळते, असं ती म्हणाली. आईपुढे मुलगा वाकला आणि लग्न झालं. पुढेही बराच काळ त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, असंही मेरुतुंग सांगतो.

या उदयमतीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. पाटणची राणी की वाव तिने नवऱ्याच्या स्मरणार्थ बांधली. २०१४ साली जागतिक वारशात गेली ती, शंभर रुपयांच्या नव्या नोटेवर मागच्या बाजूला आहे ती. म्हणजे खिशातल्या नोटेवर आपल्या गोंयच्या लेकीच्या सासूबाईंची विहीर आहे. गेली कित्येक वर्षं मी बँकेतून पैसे काढले की ती नोट एकदा उलटी करून बघतो.

मयणल्लेने पुढे मुलाला हाताशी धरून राज्य सांभाळलं. सिद्धराज लहान असताना कर्ण वारला. सोमनाथाच्या वाटेवर बाहुलोड नावाच्या ठिकाणी यात्रेकरूंकडून कर घेत. गरीब माणसं देवाच्या दारापर्यंत येऊन परत जात. तिने मुलाकडून तो कर रद्द करवला. मेरुतुंग म्हणतो, त्यातून ७२ लाखांचं उत्पन्न होतं.

सोमनाथ तिच्या माहेरच्या घराला नवा नव्हता. कदंबांचा एक राजा समुद्रमार्गे सोमनाथाला निघाला असता डोलकाठी मोडून त्याला गोव्याच्या बंदरात आसरा घ्यावा लागला, तेव्हा एका अरब व्यापाऱ्याने मदत केली, असं जयकेशीच्याच काळातल्या ताम्रपटात आहे. त्या व्यापाऱ्याचा नातू पुढे जयकेशीच्या दरबारी मोठ्या पदावर गेला आणि त्याने मशीद बांधली. ताम्रपटात शब्द आहे 'मिजिगिती'. लहानपणी ज्या घरात तिने आजोबा-पणजोबांच्या वादळाची गोष्ट ऐकली असेल, ज्या वाड्यात अरबी नावाची माणसं कामानिमित्त येत-जात असतील, तिथून ती पाटणला गेली. यात्रेकरूंच्या हालांचं तिला एवढं का लागावं, याचं उत्तर मला तिथे दिसतं.

आणि तिच्या वडिलांचा शेवट. हा भाग मी माझ्या मुलीला रात्री सांगितला आणि ती रडली. जयकेशीचा एक लाडका पोपट होता. जेवायला बसला की राजा त्याला पिंजऱ्यातून बाहेर बोलावायचा. एक दिवस पोपट येईना. म्हणाला, मांजर आहे. राजाने इकडेतिकडे पाहिलं, काही दिसलं नाही. म्हणाला, ये तू, तुला मांजराने मारलं तर मीही तुझ्याबरोबर मरेन. पोपट येऊन सोन्याच्या ताटावर बसला आणि दडून बसलेल्या मांजराने त्याला मारलं. राजाने हातातला घास ठेवला. मंत्र्यांनी खूप समजावलं. शब्द दिला होता, तो त्याने पाळला आणि पोपटाबरोबर चितेवर चढला.

खरं असेल नसेल. पण गोंयच्या राजाचं जेवण असं होतं, पाटावर तो, ताटाच्या काठावर पोपट, पाटाखाली मांजर, हे चित्र गुजरातेत अडीचशे वर्षं टिकलं. ते तिथे कुणी नेलं असेल? मला वाटतं, तिनेच. सासरी बसून मुलाला आजोबांची गोष्ट सांगताना.


पागोळी · बुधवार, सकाळी ८:००

तुमचा प्रतिसाद काल रात्री दोनदा वाचला. माझी शंका मी मागे घेत नाही, पण तुमच्या शेवटच्या ओळीवर मला वाद घालायचा नाही.

एका बाईबद्दल मला लिहायचंय, ती सून नव्हती आणि राजकन्याही नव्हती. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी १३४२ च्या सुमारास होनावरच्या जमालुद्दीनच्या सैन्याबरोबर 'संदापूर'वर चालून आला. संदापूर म्हणजे गोवा, बहुतेक चंद्रपूर हेच नाव त्याच्या कानी तसं पडलं असावं. तो स्वतः त्या लढाईत होता. गाव पडल्यावर लोक राजवाड्यात शिरले, वाड्याला आग लावली गेली, मग सगळे बाहेर आले आणि पकडले गेले. पुढे त्यांना अभय देऊन बायकामुलं परत केली असं तो लिहितो. आणि त्याच्या पुढे लिहितो की मला एक बंदिवान तरुणी देण्यात आली, तिचं नाव लेमकी. मी तिचं नाव मुबारका ठेवलं. तिचा नवरा तिला सोडवायला पैसे घेऊन आला, मी नकार दिला.

एवढंच. पुढे तिचं काय झालं ते नाही.

आपण इथे उटी, विडा, मांडे यांच्याबद्दल लिहितोय, ते लिहायलाच हवं. पण वाड्याच्या आतलं आयुष्य त्या दिवशी कसं संपलं तेही याच धाग्यात असू दे. तीनशे वर्षांत त्या वाड्यांत चूल पेटवणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, केस विंचरणाऱ्या हजारो बाया होऊन गेल्या असतील. संदापूरची जी एक साधी बाई मला नावासकट भेटली ती लेमकी, तेही मोडक्या उच्चारात, आणि लगेच पुढच्या वाक्यात ते नावही काढून घेतलेलं. तिचा नवरा पैसे घेऊन दारात उभा राहिला, तो माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.


गिरदोलीचा · बुधवार, सकाळी ११:४५

आमचं गाव चांदरला लागून. लहानपणी ऐकलेलं सांगतो. राजा मारला गेला, राणी परत आली तर सगळं उद्ध्वस्त. तिने अंगावरचे दागिने उतरवले आणि चांदरच्या बायकांना शाप दिला की माझ्यासारखं तुमचंही कपाळ पुसलं जाईल. आमच्याकडे आज्या हे हळू आवाजात सांगायच्या, आणि चांदरात मुलगी देताना पूर्वी लोक विचार करायचे असंही म्हणायच्या. लेमकीचं वाचून पहिल्यांदाच वाटलं की तो शाप राणीचा एकटीचा नसेल.

मुसळखेळाबद्दल कुशावतीबायने लिहिलं ते छान. पुढच्या इंत्रुजाला आलात तर आमच्याकडे जेवायला या. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवतो.


निवळी · बुधवार, सायंकाळी ६:१०

माझं वय आता ७८. मुलगा वाचून दाखवतो, मी सांगते तसं तो लिहितो.

राजाच्या पाण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. माझं टोपणनाव निवळी, ते त्यावरूनच. पेडण्याला माझ्या आजोळी पावसात विहिरीचं पाणी गढूळ व्हायचं. आजी मातीच्या घागरीच्या आतल्या अंगाला निवळीची बी घासायची. घटकाभरात गाळ तळाशी बसायचा. संस्कृतात त्याला कतक म्हणतात, आणि जुन्या काळी राजाच्या पाण्यालाही तेच वापरत. मग त्यात पाडळीची फुलं, कापूर घालून सुवास द्यायचे. आमच्या घरी कापूर कुठला! आजी वाळ्याची जुडी टाकायची.

न्हाणीचंही तसंच. तेल चोळून, मग आवळ्याने केस धुऊन. आमच्या न्हाणीत तांब्याचं भाण चुलीवर कायम तापत असायचं आणि सणाला घरातल्या मोठ्यापासून सुरुवात व्हायची. राजाला तेल लावायला माणसं होती, आम्हाला आजी होती.

कांडणाच्या ओव्या मला येतात. उखळात दोघी समोरासमोर, एकीचं मुसळ वर तर दुसरीचं खाली, आणि ओवीचा पहिला चरण एकीने, दुसरा दुसरीने. चुकलं तर मुसळावर मुसळ आपटायचं. सून नवी असली की सासू तिला मुद्दाम समोर घ्यायची. ताल जुळला म्हणजे ही घरात रुळली. भाषा वेगळी असली तरी चालायचं. माझी मोठी मामी कारवारकडची, तिला आमच्या ओव्या येत नव्हत्या. ती नुसती 'हूं' म्हणून ताल धरायची आणि चार महिन्यांत स्वतः रचायला लागली. कुशावतीने विचारलंय ना, नव्या सुनेशी कोणत्या भाषेत बोलायचे. मला वाटतं आधी काही दिवस असंच.


कुशावतीकाठ · बुधवार, रात्री १०:१५

निवळी आजी, तुमच्या मुलाला सांगा, ओव्या ध्वनिमुद्रित करून ठेवा. तुमची हरकत नसेल तर मी पेडण्याला येऊन करते. जेवढ्या आठवतील तेवढ्या.

पागोळी, लेमकीचं तू लिहिलंस म्हणून पहिल्या पोस्टमध्ये तिचं नाव घालतेय, मम्मुणीच्या मुलीच्या शेजारी. त्या मुलीचं तर नावसुद्धा लेखात दिलेलं नाही, बापाचं आणि नवऱ्याचं आहे.

आता पुढची सून कमलादेवी. मैळलदेवीच्या मुलाची, शिवचित्त परमदीची राणी. कित्तूरजवळ देगाव येथे तिने कमलनारायणाचं देऊळ बांधलं. तिच्या सांगण्यावरून राजाने तिथे अग्रहार (ब्राह्मणांना दान दिलेली वस्ती) दिला आणि लेख नागरी आणि कानडी अशा दोन्ही लिप्यांत कोरून घेतला. घरात दोन लिप्या वावरत होत्या याचा याहून उघड पुरावा मला मिळालेला नाही.

येत्या रविवारी आम्ही चौघी देगावला जातोय. फोंड्याहून पहाटे साडेपाचला निघून अनमोड घाटाने वर. गाडीत एक जागा आहे. अंत्रुजकर बाब, तुम्ही आलात तर विड्याचं सामान तुमच्याकडे. शिलालेखवेडा, तुम्हाला कानडी लिपी वाचता येत असेल तर जागा तुमच्यासाठी धरून ठेवते, उद्या दुपारपर्यंत कळवा.


शिलालेखवेडा · बुधवार, रात्री १०:२२

येतो. ब्रश आणि पाण्याची बाटली घेऊन येतो, अक्षरांवरची धूळ काढायला लागेल. कमलादेवीचं नाव कुठल्या ओळीत आहे ते आधी शोधू.